माघ सरताना कोकणात

उज्जैनच्या एका वाचकभगिनींनी विचारले आहे, की शिवरात्रीनंतर सासूबाईंना कुलदेवतेच्या दर्शनास गोव्याला न्यावयाचे आहे, त्यांचे वय ७८ आहे. तर त्या दिवसांत तिकडे थंडी कितपत असते आणि गरम कपडे किती घ्यावेत? अशा आशयाची पत्रे पौष संपला की दरवर्षी येतात. माळव्यात, ग्वाल्हेरीत, बडोद्यास पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी घरांची दैवते अद्याप मंगेशी, कवळे, गुहागर, वेळणेश्वर येथेच नांदत आहेत. उन्हाळा लागण्यापूर्वी घरातील वृद्धांना एकदा दर्शन घडवून आणावे, या विचाराने पुष्कळजण हेच दिवस निवडतात. त्यातील ‘उन्हाळा लागण्यापूर्वी’ या शब्दांविषयीच थोडे लिहावयाचे आहे.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे आपल्याकडे खरे ठरते. फेब्रुवारीत इंदूरला दुपारी सुमारे २८ अंश आणि पहाटे १२ अंश असा हिशेब असतो. पणजीस याच महिन्यात सरासरीने दुपारी ३२ आणि पहाटे २० अंश, पाऊस जवळजवळ नाहीच. हे आकडे खोटे नाहीत. बहुतेक दिवस असेच सुखाचे जातात. परंतु सरासरी हा मोठा लबाड सोबती आहे. किनारपट्टीवर पारा अगदी वर चढतो तो पुष्कळदा मे महिन्यात नव्हे, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुढच्या काही आठवड्यांत. मुंबईत सांताक्रूझला २५ फेब्रुवारी १९६६ रोजी ३९.६ अंश आणि २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदले गेले. तेथील मे महिन्याची सरासरी कमाल मात्र ३३-३४ अंशांच्याच घरात असते. २०२५ सालीही फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात हवामान खात्याने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, आणि सरासरी तापमानाच्या दृष्टीने तो फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला.

याचे कारण वाऱ्यात आहे. रात्री जमीन लवकर निवते व वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यास मतलई वारा म्हणतात. दिवस चढला, जमीन तापली, की वारा उलटतो आणि मध्यान्हीच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. हा खारा वारा म्हणजे कोकणाचा पंखाच. मे महिन्यात तो जोरकस असतो, म्हणून घामाच्या धारा लागल्या तरी पारा फारसा चढत नाही. माघ-फाल्गुनात मात्र काही दिवस पूर्वेकडील वारे प्रबळ होतात, आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-तीन वाजेपर्यंत किनाऱ्यावर पाऊलच टाकू देत नाहीत. शिवाय ही हवा सह्याद्रीवरून खाली उतरते, आणि कोरडी हवा दर शंभर मीटर उतरताना सुमारे एक अंशाने तापते. घाटमाथा सातशे मीटर उंच धरला, तर वर तीस अंश असलेली हवा पायथ्याशी सदतीस अंशांची होऊन पोहोचते. किनारी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, तोही याच सदतीस अंशांपासून.

वृद्धांना या दिवसांचा धोका अधिक, कारण तो जाणवत नाही. हवा कोरडी असल्याने घाम अंगावर दिसण्याआधीच वाळतो, आणि उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते. सासूबाई ‘मला काही होत नाही’ म्हणतील; त्यांच्या म्हणण्यावर विसंबू नये, दर तासाला पाणी पुढे करावे. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. बोलण्यात असंबद्धता आली, अंग तापून कोरडे पडले, तर सरबत पाजीत बसू नये. सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व तातडीने दवाखाना गाठावा.

असा दिवस ओळखावा कसा? वर्तमानपत्रातील अंदाज पाहावाच. पण सकाळी दहा-अकराच्या सुमारास अंगणात उभे राहून झाडांचे शेंडेही पाहावेत. ते समुद्राकडे झुकत असतील, ओठ सुकत असतील, दोरीवरचे लुगडे घटकेत वाळत असेल, तर बारानंतरचा बेत सरळ रद्द करावा. मंगेशी आणि कवळे ही फोंडा तालुक्यातील स्थाने किनाऱ्यापासून आत आहेत. तेथे खारा वारा आणखी उशिरा पोहोचतो. मंदिराच्या प्रांगणातील फरशी दुपारी अशी तापते, की अनवाणी म्हातारी माणसे अक्षरशः धावू लागतात. दर्शन सकाळी लवकर घ्यावे. गुहागर-वेळणेश्वरकरांचे भाग्य थोडे बरे, समुद्र अगदी शेजारी आहे.

तरुण मंडळींना हल्ली रत्नागिरी-राजापूरकडील कातळशिल्पांची ओढ लागली आहे, व ती योग्यच आहे. पण जांभ्याचा उघडा सडा म्हणजे दुपारी तापलेला तवा. एक झाड सापडेल तर शपथ. तेथे सूर्योदयाबरोबर जावे किंवा उन्हे कलल्यावर.

आता गरम कपडे. रतलामहून रात्रीची गाडी धरताना स्वेटर लागेलच. आंबोलीस किंवा दापोलीस मुक्काम असेल तर पहाटे शालही लागेल, कारण तेथे रात्री चांगल्याच गार होतात. बाकी सर्व सुती घ्यावे, आणि पाऊस नसला तरी छत्री घ्यावी.

आंब्याची आशा मात्र धरू नये. या दिवसांत झाडावर मोहोर आणि सुपारीएवढ्या कैऱ्या असतात. पूर्वेचा तो तप्त वारा चार दिवस टिकला तर त्याही गळतात, आणि बागायतदाराचे वर्ष त्यातच जाते. काजूची बोंडे तेवढी पिकू लागलेली मिळतील. ती खाताना रस कपड्यांवर सांडू देऊ नये. डाग जन्मात निघत नाही.