वेठ आणि उत्सव

सण दोन प्रकारे साजरा होतो: एक मनाने आणि दुसरा हुकमाने. दिवाळीस घर सारवावे असे फर्मान कोणी काढीत नाही. तरी डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून कुडाच्या भिंती सारवल्या जातात. राष्ट्रीय सणाची गोष्ट मात्र बहुधा निराळी दिसते. आदल्या दिवशी सूचना निघते, मुले चिखल तुडवीत येतात आणि पाहुण्यांची वाट पाहत पावसात उभी राहतात. झेंडा चढतो, भाषण होते, खाऊ वाटला जातो आणि घटकाभरात पटांगण ओस पडते. मुलांचे आईबाप त्या वेळी शेतावर किंवा मजुरीवर असतात. ज्यांच्या स्वातंत्र्याचा उत्सव, तेच उत्सवास गैरहजर, हे आम्हांस खटकते.

या तालुक्यांत तर ते अधिकच खटकते. कारण येथील लोकांनी स्वातंत्र्याची नुसती वार्ता ऐकलेली नाही, ते त्यांनी स्वतः मिळविले आहे. 'वेठ' या शब्दाचा अर्थ आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? जमीनदाराच्या शेतावर व घरी मोबदल्यावाचून राबणे म्हणजे वेठ. लग्नासाठी कर्ज काढून त्यापायी बायकोसह सावकाराच्या दारी वर्षानुवर्षे जो राबे, त्यास 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि किसान सभेच्या त्या परिषदेत वेठ न करण्याचा निश्चय झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण वेचले. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे. देश स्वतंत्र होण्यापूर्वी सव्वादोन वर्षे या भागातील गरिबाने 'नाही' हा शब्द उच्चारला होता. पालघर येथे १४ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबारात पडलेले पाच हुतात्मेही आपल्याच जिल्ह्याचे. मग आमच्या भाषणांत दिल्ली यावी आणि झरी येऊ नये, हे कसे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या लोकांनी वेठ मोडली, त्यांचा सण वेठीने होऊ नये. हुकमाने उभे केलेले मूल आणि हुकमाने वाजविलेली टाळी, हीही एक प्रकारची वेठच होय.

कोणी म्हणतील, लोकांस सवड नसते, त्यास शाळेने काय करावे? ही अडचण खरी आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि भट्टीवर सुटी कोण देणार? म्हणूनच ऑगस्टचा दिवस, जेव्हा माणसे बहुधा गावी असतात, तो वाया दवडणे परवडणारे नाही. शिवाय अडचणीवरचा उपाय याच भूमीत सापडलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह ते वाढविले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. माणूस सणाकडे येत नसेल, तर सण माणसाकडे न्यावा. शाळेतला झेंडा चढल्यावर मुलांनी चार-चारांच्या तुकड्या करून आपापल्या पाड्यावर जावे आणि सायंकाळी, कामावरून माणसे परतल्यावर, तेथील वृद्धांस मान देऊन जुनी हकीकत विचारावी. ती त्यांच्याच बोलीत ऐकावी व वहीत उतरून घ्यावी. तारप्याचा नाच मात्र केवळ पाहुण्यांच्या करमणुकीसाठी बसवू नये. तो सुगीच्या आनंदाचा नाच आहे. ऑगस्टात भात अजून शेतात हिरवे उभे असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ऑगस्टात आणि २६ जानेवारीस गावोगाव ग्रामसभा भरते. डहाणू व तलासरी हे अनुसूचित क्षेत्रातील तालुके असल्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आहेत. गावातील योजनांस मान्यता देणे, लाभार्थी निवडणे, भूसंपादनापूर्वी मत मांडणे, ही कामे तिची. ज्याच्या आजोबांस जमीनदारापुढे तोंड उघडण्याची चोरी होती, त्याने सभेत उभे राहून हिशेब विचारावा, याहून मोठी झेंडावंदना कोणती? परंतु खाऊ संपताच घराकडे पाय वळतात आणि निर्णय चार-दोन माणसांच्या हाती राहतात.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, त्या दिवशीची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली तरी सभेस बसावे. मातांनी तर अवश्य बसावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस अजून मत नाही, पण अक्षर आहे. सभेची नोटीस घरी मोठ्याने वाचून दाखवा, ठरावातला अवघड शब्द आईस समजावून सांगा. पुढील ऑगस्टात एवढे जरी घडले, तरी त्या दिवसाचा सण आपल्या पाड्यावर मनाने साजरा झाला असे आम्ही समजू.