परमुलखांतील सैन्य व घरची सुरक्षितता

आपलें सैन्य समुद्रापलीकडे ठेविलें म्हणजे संकट आपल्या उंबरठ्याशीं येत नाहीं, असें प्रतिपादणारे मुत्सद्दी प्रत्येक राष्ट्रांत आढळतात. श्रीलंकेचा अनुभव ते कोणत्या सदरांत घालणार, एवढेंच आम्ही त्यांस विचारतों. ता. २९ जुलै १९८७ रोजीं कोलंबो येथें करार झाला व भारतीय शांतिसेना जाफन्यांत उतरली. ज्या तमिळ वाघांना भारतानेंच पूर्वीं शस्त्रविद्या शिकविली, त्यांच्याशींच ऑक्टोबरांत तिला लढावें लागलें! ज्यांच्या रक्षणार्थ गेलों ते तमिळ दुरावले. आणि कोलंबोचें सरकार तर, प्रेमदास अध्यक्ष होतांच, आमच्या सेनेस घालविण्यासाठीं वाघांनाच गुप्तपणें शस्त्रें पुरवूं लागलें. मार्च १९९० मध्यें शेवटची तुकडी परतली, तोंवर सुमारें १२०० जवान कामास आले होते.

बरें, घर तरी निर्भय झालें काय? ता. २१ मे १९९१ रोजीं श्रीपेरुंबुदूर येथें राजीव गांधींचा बळी गेला, तो याच मोहिमेच्या वैरांतून.

त्रिंकोमालीचें बंदर परकीयांच्या हातीं जाईल ही भीति अगदींच निराधार होती, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें भारताच्या हितास बाधक अशा लष्करी उपयोगासाठीं कोणासही दिलें जाणार नाहीं, ही हमी कराराच्या दिवशींच पत्रांनीं मिळाली होती. तिच्यासाठीं एकही जवान मारावयाचें कारण नव्हतें. यापुढें अशी मोहीम काढणाऱ्या सरकारनें तिचा हेतु, मुदत व परतीची वाट आधीं संसदेपुढें मांडावी आणि मग जहाजें सोडावीं.