आखाती मजुराची वर्षं कोण मोजणार?

माझे मामू गेल्या वर्षी रियाधहून कायमचे परतले. कनेरगाव नाक्यावर त्यांना घ्यायला मीच गेलो होतो. सत्तावीस वर्षं एकाच घरी ड्रायव्हर होते. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी मिळायची, म्हणजे या सगळ्या काळात मामीसोबत काढलेले दिवस सव्वादोन वर्षंही भरत नाहीत. कफील वारला, त्याच्या मुलाला ड्रायव्हर नको होता. इकामा संपला आणि विषयही संपला. "मियाँ, पूरी जवानी उधर काटी, फिर भी मेहमानच रहे," एवढंच ते म्हणाले.

आमच्या भागात अशी माणसं घरोघरी आहेत. त्यांच्या पगाराची, दलालाने घेतलेल्या पैशांची, जप्त झालेल्या पासपोर्टची चर्चा होते. पण ज्या देशात माणसाने हयात घालवली, तिथे राहण्याचा हक्क त्याला कितव्या वर्षी मिळावा, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

हक्क मिळत नाही असं नाही. सौदीने २०१९ मध्ये कायम निवासाची योजना आणली. किंमत ८ लाख रियाल एकरकमी, म्हणजे पावणेदोन कोटी रुपयांच्या वर. त्याच वर्षी अमिरातीचा गोल्डन व्हिसा आला. तो २० लाख दिरहमची मालमत्ता असणाऱ्याला, किंवा पदवी आणि मोठा पगार असणाऱ्याला. कतारच्या २०१८च्या कायद्यात निदान वर्षं मोजली आहेत, बाहेर जन्मलेल्याला २०. पण सोबत पुरेशा उत्पन्नाची आणि अरबी भाषेची अट आहे, आणि परवाने वर्षाला जेमतेम शंभर. गवंडी, ड्रायव्हर, स्वयंपाकी यांच्यासाठी दार उघडंच नाही. मार्च २०२१ मध्ये सौदीने नोकरी बदलताना लागणारी कफीलची परवानगी सैल केली, तेव्हाही घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर बाहेरच ठेवले. त्याआधी, जुलै २०१७ पासून, सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल कर सुरू झाला आणि २०२० पर्यंत तो ४०० वर गेला. माझ्या ओळखीच्या दोन मेकॅनिकांनी तेव्हाच बायका-मुलं परत पाठवली.

आखाती राज्यांची भीती खोटी नाही. अमिरात आणि कतारमध्ये दहातली जवळपास नऊ माणसं बाहेरची आहेत. पण इथे कोणी नागरिकत्व मागत नाही. वीस वर्षं घाम गाळलेल्याला कफीलशिवाय राहता यावं, बायकोला आणता यावं, एवढीच मागणी आहे. उम्मतीच्या नावाने भाषणं करणाऱ्यांनीही ती करायला हवी. दीनी नात्याचा गजर करायचा आणि मजुराला फक्त कराराच्या मुदतीपुरतं ओळखायचं, हे मला पटत नाही.

जर्मनीनेही हेच केलं होतं. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाला तेव्हा मजुरांनी दोन वर्षं काम करून परत जावं असा हिशोब होता. १९७३ मध्ये भरती बंद झाली, पण माणसं राहिली, त्यांची कुटुंबं आली. त्या पिढीसाठी नागरिकत्वाची लेखी परीक्षा माफ करून रोजच्या बोलण्यापुरती भाषा पुरेशी मानायला २०२४ उजाडलं. तोवर त्यातले कितीतरी कबरीत गेले होते.

आपल्याच नाक्यापाशी पैनगंगेपलीकडे वऱ्हाड लागतो. निजामाच्या काळात ती दोन राजवटींची हद्द होती. १९१९च्या फर्मानाप्रमाणे बाहेरचा माणूस संस्थानात पंधरा वर्षं राहिला आणि परत जायचा इरादा सोडल्याचं त्याने शपथेवर लिहून दिलं, तर तो 'मुल्की' ठरे. फायदा सरकारी नोकरीपुरता, म्हणजे मुख्यतः शिकलेल्यांना, हे खरं. तरी मोजमाप वर्षांचं होतं, पगाराचं नव्हतं.

आणि आज? महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रालाही १५ वर्षांचाच पुरावा लागतो. हॉटेलात राबणाऱ्या उत्तर प्रदेशच्या पोराला भाडेकरार कोणी करून देत नाही, मग त्याची वर्षं मोजायची कशी? बंगाली बोलणारा गवंडी दिसला की आपल्यातलेच लोक आधी कागद विचारतात. तो याच देशाचा नागरिक असतो. रियाधमध्ये मामूंना जे सोसावं लागलं, ते आपण इथे दुसऱ्याला सोसायला लावतो. खुद्द मामूंचं नाव गैरहजेरीमुळे रेशनकार्डातून कमी झालंय. ते परत चढवायला एका कार्यालयात त्यांच्याकडे सलग वास्तव्याचा पुरावा मागितला गेला.

परदेशी मजुरांबाबत आपलं सरकार जे करार करतं, त्यात निवासाच्या वर्षांचं कलम असावं, ही मागणी आपल्या चळवळीने लावून धरली पाहिजे. खासदारांना पत्रं जाऊ द्या. आणि जी पोरं आता निघायच्या तयारीत आहेत, त्यांनी देश निवडताना हेही पाहावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. तिथे मान्यताप्राप्त कौशल्यावर काम करणाऱ्याला, भाषा आली आणि निवृत्तिवेतनाचे हप्ते भरलेले असले, तर तीन वर्षांनी कायम निवासाचा अर्ज करता येतो. जपानचा २०१९चा व्हिसा पहिल्या टप्प्यात पाच वर्षांचाच, तोही कुटुंबाशिवाय; दुसऱ्या टप्प्याची परीक्षा पास झाली तरच पुढची वाट आहे. आयटीआय झालेल्या आपल्या पोरांना यातलं काही कोणी सांगत नाही. एजंटाला पगार विचाराल तेव्हा हेही विचारा, की कितव्या वर्षी राहता येईल आणि बायकोला कधी आणता येईल.