शाल परत पाठवतोय

सत्कार समितीतल्या पोरांनो,

परवा शाळेच्या पटांगणात ‘ऑपरेशन सिंदूर’वरून आलेल्या जवानांचा सत्कार झाला. मीही त्याच आठवड्यात सुट्टीवर आलेलो, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसलो. नावं संपली, माझं आलं नाही. कुणीतरी विचारलं, तर माईकवरूनच उत्तर आलं, “मेजर रिटायर्ड आहेत, आता गेटवर असतात.” मंडप हसला. हसणाऱ्यांत माझा सख्खा पुतण्याही होता.

मेजर हे आपल्या साताऱ्याकडचं लाडाचं नाव. पेन्शनीवर आलेल्या कुणालाही ते चिकटतं. मी चोवीस वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि बेचाळिसाव्या वर्षी डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये, पुन्हा शिपाई झालो. दंडावरच्या तीन फिती गेल्या. कन्नूरच्या सेंटरला पोरासोरांसारखं पुन्हा ओळीत उभं राहिलो. हवाई दलाचे तळ, दारूगोळ्याचे डेपो राखायला ही फौज 1947 पासून आहे आणि तिच्यात बहुतेक माझ्यासारखेच, दुसऱ्यांदा वर्दी चढवलेले. दुसरी पेन्शन हवी तर पंधरा वर्षं भरावी लागतात. माझ्या वयाला ती भरणार नाहीत. असो, ते रडगाणं इथं नको.

त्याच ‘सिंदूर’मधली 8 मेची रात्र सांगतो. ठिकाण लिहीत नाही, लिहायचंही नसतं. सगळीकडे अंधार. जोडीदार तामिळनाडूचा, आजोबा झालेला माणूस. मी बीपीची गोळी खिशात चाचपून पाण्याशिवायच गिळली, कारण बाटली काढताना आवाज झाला असता. त्या रात्री 36 ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन आले, हे नंतर सरकारनं सांगितलं. आम्हाला फक्त डोक्यावरची घरघर कळत होती. खरं सांगतो, आम्ही एकही पाडलं नाही. ते काम हवाई संरक्षणवाल्यांचं. सगळ्यांच्या माना वर असताना आमच्या दोघांच्या नजरा खाली, कुंपणावर. पहाटेपर्यंत गुडघा असा धरला की जोडीदारानं हात देऊन उठवलं.

कुंपणाकडे बघत बसणं हसण्यावारी नेता, तर पठाणकोट आठवा. 2 जानेवारी 2016. तिथल्या हवाई दलाच्या तळात अतिरेकी घुसले. गेलेल्या सात जवानांत पाच डीएससीचे होते. सुभेदार मेजर फतेहसिंग एक्कावन्न वर्षांचे, एकेकाळचे पदकविजेते नेमबाज. जगदीशचंद तर स्वयंपाकघराशी होते, हातात हत्यार नाही. ते अतिरेक्याच्या मागे धावले, त्याचीच रायफल हिसकावली आणि त्याला मारलं. मग दुसऱ्यांनी त्यांना गाठलं. तेही तुमच्या भाषेत गेटवरचेच.

स्टेजवर आलेली पोरं माझीच आहेत. त्यातल्या दोघांना भरतीआधी पहाटे रस्त्यावर मीच पळवलंय. त्यांच्या गळ्यातल्या हाराशी माझं भांडण नाही. त्या हसण्याशी आहे.

रात्री उशिरा पुतण्याच्या हातून घरी शाल आणि नारळ पाठवलात. मान खाली घालून ठेवून गेला बिचारा. शाल घडीसकट परत पाठवतोय. नारळ आमच्या हिनं सकाळीच देवापुढं फोडला, तेवढा परत करता येत नाही.

परवा गाडी आहे. सोमवारी रात्रपाळी.

तुमचा,
मेजर