म्हातारपणाच्या नावावर

सत्तरी गाठलेल्या नागरिकांना, त्यांच्या उत्पन्नाची चौकशी न करता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देणारी ‘आयुष्मान वय वंदना’ योजना केंद्र सरकारने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. परंतु अशा योजनेची खरी परीक्षा कार्डे किती वाटली यावर होत नाही. वृद्धांना हटकून गाठणारा एखादा आजार घ्यावा आणि त्या आजाराच्या वेळी हे कार्ड कोठपर्यंत साथ देते ते पाहावे. मूत्रमार्ग तुंबणे आणि त्या तुंबलेल्या जागी जंतूंनी घर करणे, हा असा एक आजार आहे. त्याविषयी उघड बोलण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणूनच येथे तो मुद्दाम घेतला आहे.

ही परीक्षा सुरतेत घेणे अधिक उचित ठरेल. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ लाख वस्तीच्या या शहरात लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांतून फिरताना अहिराणी आणि मराठी जागोजागी कानी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून यंत्रमागावर आणि रंगाईच्या कारखान्यांत पोट भरण्यासाठी आलेल्यांची आता दुसरी-तिसरी पिढी तेथे नांदत आहे. गावाकडे राहिलेले आईवडील थकले, की ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने मुलाकडे येतात. नवापूर-नंदुरबारकडच्या रुग्णालाही स्वतःच्या राज्यातील मोठ्या शहरांपेक्षा सुरतच जवळची. म्हणजे पश्चिम खानदेशाच्या म्हातारपणाचे एक रुग्णालय, कोणी कागदावर तसे लिहिले नसले तरी, दुसऱ्या राज्यात आहे.

आजाराचे गणित मुळात सोपे आहे. पुरुषांत वयोमानाने प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि मूत्रमार्गाला आवळते. स्त्रियांत गर्भाशय खाली उतरल्याने किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वाट अडते. मुतखडा दोघांनाही सोडत नाही. वाहते पाणी निर्मळ राहते, साचलेले नासते. शरीरातही तोच न्याय. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, दाबाखाली ते मूत्रपिंडातून रक्तात शिरतात, आणि रक्तदाब कोसळून एकेक अवयव बंद पडू लागतो. मधुमेही रुग्णात हे अधिक वेगाने घडते. अशा वेळी केवळ प्रतिजैविकांची सुई टोचून भागत नाही. अडलेल्या मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असल्याने औषध हवे तेथे पुरेसे पोहोचतच नाही. वाट मोकळी करणे हाच उपचाराचा कणा. मूत्राशय तुंबले असेल तर कॅथेटरची नळी, वरच्या मूत्रवाहिनीत खडा अडकला असेल तर आतून स्टेंट किंवा पाठीतून सुईने थेट मूत्रपिंडात घातलेली नळी. खडा काढण्याची शस्त्रक्रिया मागाहून, रुग्ण सावरल्यावर. हे काम निदानानंतर काही तासांत व्हावयास हवे; ते दिवसांवर ढकलणे घातक. मूत्रवाहिनीतील खडा आणि सेप्सिस अशा दुहेरी संकटात सापडलेल्या रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची वाट मोकळी केली त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांच्या आत राहिले. ज्यांची केली नाही त्यांच्यात ते १९ टक्क्यांवर गेले.

या आजाराने थोरामोठ्यांचीही गय केलेली नाही. १९४० च्या सप्टेंबरात रवींद्रनाथ ठाकूर कालिम्पाँग येथे मूत्रविकाराने बेशुद्ध झाले. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करावी की न करावी यावर कलकत्त्याच्या नामांकित वैद्यांत एकमत होईना, डॉ. बिधानचंद्र रॉय अनुकूल, तर डॉ. नीलरतन सरकार प्रतिकूल. अखेर ३० जुलै १९४१ रोजी जोडासाँको येथील राहत्या वाड्यातच शस्त्रक्रिया झाली आणि ७ ऑगस्टला ऐंशी वर्षांचे कविवर्य गेले. पेनिसिलिन त्या काळी भारतीय रुग्णाच्या आवाक्यात आलेले नव्हते. नंतरच्या काळातले उदाहरण पेले यांचे. २०१४ मध्ये मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर झालेल्या संसर्गाने हा फुटबॉलपटू साओ पाउलोच्या अतिदक्षता विभागात पोहोचला, आणि २०१९ मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा मूत्रसंसर्ग होऊन मायदेशी मूत्रवाहिनीतला खडा काढावा लागला. दोन्ही वेळा ते बरे होऊन घरी गेले. रवींद्रनाथांच्या आणि पेले यांच्या नशिबातला फरक मुख्यतः पाऊण शतकातील वैद्यकाच्या प्रगतीचा आहे. प्रश्न इतकाच, की पांडेसऱ्याच्या चाळीतील म्हातारा आज यांपैकी कोणत्या काळात राहतो?

उत्तर पुष्कळसे घरच्यांच्या समजुतीवर अवलंबून राहते. वृद्धाला संसर्गात ताप येईलच असे नाही. तो बरळू लागतो, जेवण सोडतो, मोरीत पडतो किंवा नुसता गप्प होतो. “वय झाले, भ्रम होणारच” असे म्हणून घर त्याला अंथरुणावर निजवते. मूत्राशय काठोकाठ भरून थेंब थेंब गळू लागले की “लघवी तर होते आहे, आवरत नाही एवढेच” असा समज होतो. वस्तुतः ते तुंबल्याचेच लक्षण असू शकते. बायकांची तर गोष्टच निराळी. शौचालय दूर आहे किंवा सार्वजनिक आहे म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या आणि गर्भाशय उतरल्याचे सुनेजवळही न बोलणाऱ्या सासवा आपल्या वस्त्यांत थोड्या नाहीत. त्यातून दवाखान्यात न्यावयाचे म्हणजे मुलाच्या पाळीचा खाडा. हा खाडा चुकविण्यासाठी गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणल्या जातात, त्याने दोन दिवस बरे वाटते आणि नेमके तेच दोन दिवस वाया जातात.

या चार गोळ्यांचे देणे साऱ्या समाजाला फेडावे लागते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. मूत्रसंसर्गातला नेहमीचा जंतू या यादीत अग्रभागी आहे. कित्येक प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकू नयेत आणि विकल्याची नोंद ठेवावी, हा नियम आपल्याकडे मार्च २०१४ पासून लागू आहे. त्याची अंमलबजावणी किती होते, हे कोणत्याही दुकानाच्या फळीपुढे पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते. दुसऱ्या टोकाची चूक डॉक्टरांकडूनही होते. कोणताही त्रास नसलेल्या वृद्धाच्या लघवीत जंतू दिसले एवढ्यावरूनच औषधे लिहून दिली जातात. तसेच कॅथेटर. घालणे जितके सोपे तितकेच विसरणेही. आणि महिनोन्महिने राहिलेली नळी स्वतःच संसर्गाचे दार बनते.

आता पुन्हा कार्डाकडे वळू. हे कार्ड रुग्ण खाटेवर पडल्यानंतर जागे होते. दाखल होण्याच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस सोडले, तर बाह्यरुग्ण विभागातील तपासणी व औषधे त्यात बसत नाहीत. प्रोस्टेटवरची रोजची गोळी, लघवीनंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे दाखविणारी सोनोग्राफी, रक्तातील क्रिएटिनिनची चाचणी, हा सारा खर्च घरचा. हजाराच्या घरातील खर्च नाकारावयाचा आणि मूत्रपिंडे निकामी झाल्यावर लाखांची थैली सोडावयाची, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात बसतो ते योजनेच्या कर्त्यांनी सांगावे. साठीनंतरच्या मोफत बाह्यरुग्ण तपासणीत एवढ्या तीन गोष्टी घातल्या तरी अतिदक्षता विभागातील कित्येक खाटा रिकाम्या राहतील.

दुसरी गोष्ट रात्रीची. सुरतेत सरकारी आणि महापालिकेच्या, अशा दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. खरी अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधीच्या टप्प्यावर आहे. कॅथेटर घालण्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञ लागत नाही, हात बसलेली परिचारिकाही ते करते. तेव्हा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ते रात्री-अपरात्री व्हावयास हवे. पाठीतून नळी घालण्याची सोय जिल्हा रुग्णालयात चोवीस तास हवी. नंदुरबारला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मग मध्यरात्री रक्तदाब कोसळलेल्या वृद्धाला नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असे टप्पे घेत सुरतेची वाट का धरावी लागावी? आणि धरावीच लागली, तर निघण्यापूर्वी नळी आणि प्रतिजैविकाची पहिली मात्रा देऊनच रुग्ण गाडीत चढवावा, एवढा दंडक तरी दोन्ही राज्यांनी मिळून घालावा.

प्लेगच्या १९९४ च्या आघातानंतर तापाच्या रुग्णांची रोजच्या रोज नोंद ठेवण्याची शिस्त सुरत महापालिकेने अंगी बाणविली, याचे श्रेय तिला द्यावयासच हवे. त्या नोंदवहीत साठीवरील, अचानक बरळू लागलेल्या किंवा लघवी अडलेल्या रुग्णांसाठी एक रकाना वाढविणे तिला अवघड नाही. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकेने डासांची अंडी शोधतानाच आजीला दोन प्रश्न विचारावेत, आणि लिंबायत-उधन्यात ते मराठीतून किंवा अहिराणीतून विचारावेत. परक्या भाषेत ही लाज सांगण्यास म्हातारी धजणार नाही.