डीएपीच्या रांगेआधी माती तपासा

मे महिना उजाडला की कृषी सेवा केंद्रापुढे डीएपीच्या रांगा लागतात. पुढे मिळेल न मिळेल या धास्तीने जो तो दोन गोण्या जास्तच उचलतो. त्या रांगेत उभं राहण्याआधी अर्धा किलो माती तपासायला द्या, आणि अहवाल हाती आला की त्यातला स्फुरदाचा आकडा नीट वाचा, एवढंच माझं सांगणं आहे.

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद (‘पी२ओ५’ रूपात मोजलेलं) येतं. त्यातलं बरंचसं त्या हंगामात पिकाच्या हाती लागतच नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमशी बांधलं जातं, तर कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमशी. वाहून जात नाही, साठत राहतं. कणगी भरलेली, पण तोंड लिंपलेलं, अशी गत. म्हणून मातीत एकूण स्फुरद किती आहे, याला फारसा अर्थ नाही. मुळांना किती मिळेल ते मोजावं लागतं, आणि अहवालात ‘उपलब्ध स्फुरद’ म्हणतात ते हेच.

प्रयोगशाळेत ते कसं काढतात? अडीच ग्रॅम माती, त्यावर ५० मिली सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण. त्याचा सामू बरोबर ८.५ ठेवलेला असतो. मातीचा रंग मोजणीत येऊ नये म्हणून चिमूटभर स्फुरदविरहित कोळशाची पूड घालतात, अर्धा तास हलवतात आणि गाळून घेतात. गाळलेल्या पाण्यात मॉलिब्डेट वगैरे रसायनं घातली की निळा रंग चढतो. निळा जितका गडद, तितकं स्फुरद जास्त; तो गडदपणा यंत्र मोजतं. ही ओल्सन पद्धत, १९५४ सालची, चुनखडीच्या जमिनींसाठीच बसवलेली. आम्लधर्मी मातीला ब्रे पद्धत लावतात. तिचं द्रावण आम्ल असतं. तेच चुनखडीच्या मातीवर ओतलं तर आम्ल चुन्यातच खर्ची पडतं आणि स्फुरद आहे त्याहून कमी दिसतं. तेव्हा सोलापूरच्या जमिनीचा अहवाल ओल्सनचा हवा आणि रत्नागिरीच्या लाल मातीचा सहसा ब्रेचा. पद्धत कोणती, हे विचारायला लाजू नका. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

आता एकक. काही अहवाल नुसतं स्फुरद म्हणजे ‘पी’ देतात, काही ‘पी२ओ५’, आणि दोन्हींत २.२९ पटींचा फरक आहे. ओल्सनचा आकडा ‘पी’मध्ये असेल तर ढोबळमानाने हेक्टरी १० किलोच्या खाली कमी, १० ते २५ मध्यम, त्यावर भरपूर. समजा अहवालात २० लिहिलंय. ते ‘पी’ असेल तर जमीन मध्यम. ‘पी२ओ५’ असेल तर ‘पी’ पावणेनऊच भरतं, म्हणजे जमीन कमी गटात. पीपीएममध्ये आकडा दिला असेल तर २.२४ ने गुणा, हेक्टरी किलो मिळतात.

पण एवढी काटेकोर मोजणी चुकीच्या मुठीवर केली तर काय उपयोग? बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. खताची रिकामी गोणी नमुन्यासाठी वापरणं तर सर्रास चालतं. तिच्या तळाशी राहिलेले चार दाणे अख्ख्या अहवालाची वाट लावतात. रब्बी निघाल्यावर, नवं खत पडायच्या आत, नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या. पेरताना खत ओळीतच पडतं आणि स्फुरद जागचं फारसं हलत नाही, म्हणून फक्त जुन्या ओळीतलीच किंवा फक्त दोन ओळींमधलीच माती घेऊ नका. सगळी मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. चिठ्ठीवर गट नंबर लिहा, आणि पुढचं पीक कोणतं तेही, कारण शिफारस पिकानुसार बदलते.

आकडा कमी आला तर खत द्या, पण फोकू नका. पाभरीने बियाण्याच्या खाली-बाजूला पेरा. भरपूर आला तर हात आखडा. ऊस, कांदा, द्राक्षाच्या बागायतीत वर्षानुवर्षं डीएपी ओतलेल्या जमिनी थोड्या नाहीत. तिथे वाढलेलं स्फुरद जस्ताची अडवणूक करतं. मग पानं पिवळी पडतात, आणि आपण दुकानात जाऊन आणखी एक बाटली घेऊन येतो.

‘भरपूर’ असं लिहून आलं तरी मन धजत नाही, हे मला समजतं. मग सगळं शेत पणाला लावू नका. यंदा मधल्या चार ओळींत स्फुरद देऊ नका. नत्र, पालाश, पाणी बाकीच्यांसारखंच ठेवा. दोन्ही टोकांना खुंटी ठोका, आणि काढणीला त्या चार ओळींचा माल शेजारच्या चार ओळींपासून वेगळा तोलून वहीत मांडा.