एकेकट्याला गाठून

12 जुलै 2016 रोजी हेग येथील लवादाने दक्षिण चीन समुद्रावरील चीनचा ‘ऐतिहासिक हक्का’चा दावा निराधार ठरवला. दाद फिलिपिन्सने मागितली होती. चीन सुनावणीला फिरकला नाही आणि निकालाची संभावना त्याने रद्दी कागद अशी केली. ज्याच्याशी वाद आहे त्याच्याशीच बोलू, मध्ये तिसरा नको, हे त्याचे पालुपद आजही कायम आहे.

ऐकायला हे रास्त वाटते. पण चीनसमोर एकट्याने बसणे काय असते, ते फिलिपिन्सच्या केळी बागायतदारांना विचारावे. 2012 मध्ये स्कारबरो प्रवाळखडकावरून वाद पेटला आणि चिनी बंदरांत त्यांच्या केळ्यांवर एकाएकी कीड सापडू लागली. माल गोदीतच कुजला. पुढे तो खडकही चीनच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी जुलैत नोम पेन्हमध्ये ‘आसियान’ या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक 45 वर्षांत प्रथमच संयुक्त निवेदनाविना उठली, कारण यजमान कंबोडिया स्कारबरोचा उल्लेख होऊ देईना. चिनी पैशांतून रस्ते-पूल उभारणारा हा देश. ‘आसियान’चा कारभार एकमताने चालतो; त्यामुळे तेव्हाच्या दहा सदस्यांची मनधरणी करण्याची चीनला गरजच नव्हती, एक फोडला की काम झाले.

दबाव समुद्रातही असतो. तिथल्याच सेकंड थॉमस खडकावर फिलिपिन्सने 1999 मध्ये मुद्दाम रुतवलेले ‘सिएरा माद्रे’ हे दुसऱ्या महायुद्धातले जहाज गंजत उभे आहे. त्यावर मूठभर नौसैनिक राहतात. त्यांचा शिधा नेणाऱ्या बोटींवर चिनी जहाजे पाण्याचे फवारे मारत. 17 जून 2024 रोजी तर चिनी तटरक्षक कुऱ्हाडी-सुरे घेऊन भिडले; एका नौसैनिकाचा अंगठा तुटला.

शेजाऱ्यांशी थेटच बोलण्याचा आग्रह आपलाही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही 2014 मध्ये बंगालच्या उपसागरातील सुमारे 25,600 चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी सुमारे 19,500 लवादाने बांगलादेशला दिले, तेव्हा भारताने तो निकाल मानला. चीनला चार शब्द सुनावण्याचा अधिकार आपल्याला तेथून मिळतो. 2023 मध्ये फिलिपिन्ससोबतच्या निवेदनात भारताने 2016 चा निकाल पाळण्याचे आवाहन केले. पुढे मनिलाला ब्राह्मोस क्षेपणास्त्रेही पोचली. पण तेही दोघांपुरतेच. दिल्लीने हीच भूमिका आता ‘आसियान’च्या भरल्या बैठकीत, सर्व सदस्यांसमोर मांडावी.